कारखान्याच्या आवारातले पावसाचे पाणी

बालमित्रांनो, पावसाळा लागला की पत्र्यावरून गळणारे पहिले पाणी आई हंड्यात धरू देत नाही. "थांब जरा, आधी पत्रा धुऊन निघू दे," म्हणते. कारण पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण त्या पाण्यात उतरते. कारखान्याच्या आवाराचेही असेच असते.

आपला अहिल्यानगर जिल्हा साखर कारखान्यांचा. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे जिल्हाभर कारखाने झाले. कारखान्याच्या आवारात बॉयलरची राख, उसाचा भुसा, गाड्यांचे सांडलेले तेल असते. मळीही असते. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, घट्ट पाक.

आता एक गणित करू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १ लिटर पाणी होते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तिथे २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०,००० लिटर पाणी! १०,००० लिटरचा एक, असे २५ टँकर झाले. जमीन सिमेंटची असली तर बहुतेक सगळे पाणी घाण घेऊन ओढ्याकडे धावते.

ते स्वच्छ कसे करायचे? तीन ग्लास पाणी घ्या. एकात राख, दुसऱ्यात थोडे तेल, तिसऱ्यात गूळ टाका. ढवळा आणि तासभर थांबा. राखेचा बराच भाग तळाला बसेल. तेल वर तरंगेल. गूळ मात्र दिसेनासा होईल!

कारखान्यातही हेच तत्त्व वापरतात. गटाराच्या तोंडाशी जाळी लावली की भुसा अडतो. पुढे निवळण टाकीत पाणी संथ होते, राख-माती खाली बसते. मग मध्ये आडवी भिंत असलेल्या टाकीत तेल वर अडते, पाणी भिंतीखालून पुढे जाते. छपरावरचे चांगले पाणी वेगळ्या गटाराने नेतात, म्हणजे ते घाणीत मिसळत नाही.

पण विरघळलेली मळी जाळीत अडत नाही, तळाशीही बसत नाही. ती ओढ्यात गेली की सूक्ष्म जीव ती खातात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे गुदमरून मरतात. म्हणून मळीच्या टाकीभोवती पक्का कट्टा बांधतात. मळी मिसळलेले पाणी ओढ्यात न सोडता सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पाठवतात. पाणी दूषित करू नये यासाठी १९७४ चा कायदाही आहे.

आपली प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि ते पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जाते. वरच्या गावाने सोडलेली घाण खालच्या गावाच्या घशात जाते. वाटेतल्या विहिरींनाही तिचा धोका असतो.

पालकहो, आपल्यापैकी कोणी कारखान्यात कामाला असाल, तर मे महिन्यातच एक बघा: निवळण टाकीतला गाळ काढला का? गाळाने भरलेली टाकी असून नसल्यासारखीच! आणि मित्रांनो, तीन ग्लासांचा प्रयोग घरी जरूर करून पाहा.