भीती सुईची असू द्या, माणसाची नको

प्रश्न : एचआयव्हीबाधित बाई बाळंतपणाला आली की सहकारी मागे सरतात. सुई टोचण्याची धास्ती मलाही वाटते. काय करू?
– एक परिचारिका, वरवंड (ता. दौंड)

उत्तर : ताई, धास्ती स्वाभाविक आहे, पण ती सुईपुरतीच ठेवा. नाडी पाहिल्याने, पाठीवरून हात फिरवल्याने एचआयव्ही होत नाही. बाधित रक्ताची सुई टोचली, तरी लागण साधारण ३०० पैकी एका वेळीच होते.

रक्ताशी संबंध येईल तिथे प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे घाला. तपासणी न झालेलेही अनेक असतात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. टोचलीच, तर बोट पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाशी भेदभाव करायला मनाई आहे. तुम्हाला सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि या गोळ्या पुरवण्याची जबाबदारीही त्याच कायद्याने संस्थेवर टाकली आहे. त्या हक्काने मागा.

आणि केसपेपरवर ती बाधित असल्याची लाल शाईने खूण करू नका. कळा सोसणाऱ्या त्या बाईचा हात तुम्ही धरलात, की बघणारे सहकारीही पुढे येतील.