न नासणारा मळ : जड धातूंचे प्रदूषण आणि त्यावरील उपाय

गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकलेला पालापाचोळा वर्षभरात कुजून खत होऊन जातो. नदीत मिसळणारे घरगुती सांडपाणीही, त्याचे प्रमाण बेताचे असल्यास, काही अंतर वाहून गेल्यावर पुष्कळसे निवळते. हे काम सूक्ष्म जीवाणू करतात. सेंद्रिय पदार्थांचे रेणू फोडून ते त्यांचे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि साधी लवणे यांत रूपांतर करतात. निसर्गाच्या या व्यवस्थेवर विसंबून माणसाने हजारो वर्षे आपली घाण निर्धास्तपणे नद्यांच्या स्वाधीन केली.

पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था चालत नाही. धातू हे मूलद्रव्य आहे. कोणताही जीवाणू त्याचे विघटन करू शकत नाही. तो एका संयुगातून दुसऱ्या संयुगात जाईल, पाण्यातून गाळात आणि गाळातून माशाच्या शरीरात जाईल. परंतु नाहीसा होणार नाही. धातूंचे प्रदूषण दूर करण्याच्या प्रत्येक पद्धतीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

ज्या धातूंची घनता पाण्याच्या सुमारे पाचपट किंवा त्याहून अधिक असते, त्यांना सामान्यतः जड धातू म्हणतात. लोह, तांबे आणि जस्त हे धातूही त्यांतच मोडतात व ते अल्प प्रमाणात शरीराला आवश्यक असतात. शिसे, पारा आणि कॅडमियम यांचा मात्र मानवी शरीराला काहीच उपयोग नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या 2012 सालच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियमची 0.003 मिलिग्रॅम आणि पाऱ्याची 0.001 मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ असा की, एक ग्रॅम पारा विरघळला तर दहा लाख लिटर पाणी या मर्यादेला जाऊन पोहोचते.

मिनामाताचा धडा

जपानमधील मिनामाता येथे एक रासायनिक कारखाना 1932 ते 1968 या काळात ॲसिटाल्डिहाइड तयार करीत असे. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे संयुग वापरले जाई आणि पारायुक्त सांडपाणी उपसागरात सोडले जाई. समुद्र अथांग आहे, त्यात हा पारा सहज जिरून जाईल, असा समज होता. प्रत्यक्षात मिथिल पारा या संयुगाच्या रूपाने तो सूक्ष्म जीवांच्या, त्यांना खाणाऱ्या लहान माशांच्या आणि लहान माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांच्या शरीरात शिरला. या साखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत गेले. प्रथम मांजरे झटके येऊन मरू लागली. 1956 साली माणसांतील रोगाची अधिकृत नोंद झाली. हातापायांना बधिरता येणे, दृष्टी अधू होणे, तोल जाणे ही त्याची लक्षणे होत. आईला फारसा त्रास नसतानाही मुले जन्मतःच मज्जासंस्थेच्या विकाराने पीडित असल्याचे आढळले.

उपसागर स्वच्छ करण्याचे काम 1977 मध्ये सुरू होऊन 1990 मध्ये संपले. सुमारे 15 लाख घनमीटर दूषित गाळाचा त्यात बंदोबस्त करावा लागला. काही गाळ उपसून बांधबंदिस्त भागात भरण्यात आला आणि त्यावर स्वच्छ मातीचा थर देऊन सुमारे 58 हेक्टर जमीन तयार करण्यात आली. आज तेथे उद्यान आहे. पण पारा त्या उद्यानाखालीच आहे. तेरा वर्षांच्या खटाटोपानंतरही धातू नष्ट झाला नाही, केवळ बंदिस्त झाला.

पाण्यातून धातू वेगळा करणे

सर्वांत जुनी आणि स्वस्त पद्धत अवक्षेपणाची. सांडपाण्यात चुना मिसळला असता ते अल्कधर्मी होते आणि विरघळलेले धातू हायड्रॉक्साइडांच्या रूपाने तळाशी बसतात. येथे प्रमाण मात्र सांभाळावे लागते. त्रिसंयुजी क्रोमियम हे पाण्याचे पीएच मूल्य साडेआठच्या आसपास असताना उत्तम खाली बसते. अल्कता फार वाढविली तर तेच पुन्हा विरघळू लागते. षट्संयुजी क्रोमियम अधिक विषारी असून ते चुन्याने खाली बसतच नाही. आधी फेरस सल्फेटासारख्या पदार्थाने त्याचे त्रिसंयुजी रूपात क्षपण करावे लागते.

दुसरी पद्धत आयन-विनिमयाची. विशिष्ट रेझिनांच्या कणांतून पाणी जाऊ दिले की ते धातूंचे आयन धरून ठेवतात व त्यांच्या बदली निरुपद्रवी आयन पाण्यात सोडतात. तिसरी अधिशोषणाची. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रियित कोळशाच्या असंख्य छिद्रांच्या पृष्ठभागावर धातू चिकटून राहतात. व्यस्त तर्षणाच्या पद्धतीत दाब देऊन पाणी पातळ पडद्यातून पलीकडे ढकलतात आणि धातू अलीकडे राहतात. वनस्पतींचाही उपयोग करता येतो. जलपर्णी पाण्यातील आणि मोहरी जमिनीतील काही धातू मुळांवाटे शोषून घेते.

यांतील कोणतीही पद्धत घ्या, अखेरीस एक प्रश्न उरतोच. चुन्याने बसलेला गाळ, रेझिने धुतलेले पाणी, वापरून संपलेला कोळसा, पडद्याअलीकडचे संहत पाणी, कापलेली जलपर्णी : या सर्वांत तोच धातू, आता अधिक एकवटलेल्या स्थितीत, शिल्लक असतो. ती जलपर्णी उघड्यावर कुजू दिली किंवा तो गाळ नदीकाठी टाकला, तर पहिल्या पावसाबरोबर आपले सारे श्रम वाहून जातात.

जाजमऊचा अनुभव

या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधावे हे कानपूरच्या जाजमऊ भागावरून चांगले समजते. गंगेच्या काठी वसलेल्या या वस्तीत कातडी कमावण्याचे शेकडो कारखाने उभे राहिले. पूर्वी बाभळीच्या सालीने कातडे कमावण्यास कित्येक आठवडे लागत. क्रोमियमच्या लवणाने ते काम साधारण एका दिवसात होते. परंतु नेहमीच्या पद्धतीत कातडे यांतील सुमारे दोन-तृतीयांश क्रोमियमच शोषून घेते. उरलेले सांडपाण्याबरोबर जाते.

गंगा कृती योजनेखाली जाजमऊ येथे 1994 मध्ये एक शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. दररोज 90 लाख लिटर चर्मोद्योगाचे पाणी 2 कोटी 70 लाख लिटर शहरी सांडपाण्यात मिसळून त्यावर जीवाणूंकरवी प्रक्रिया करावी, अशी योजना होती. जीवाणू सेंद्रिय घाण पचवू शकत होते. क्रोमियम पचविणे त्यांच्या शक्तीबाहेरचे होते. ते कारखान्यांनी आपल्या आवारातच काढून घ्यावे अशी अपेक्षा होती. ती पुरती सफळ झाली नाही, तेव्हा क्रोमियम केंद्राच्या गाळात साचले आणि सिंचनासाठी दिलेल्या पाण्याबरोबर आसपासच्या गावांच्या शेतांत पोहोचले. गंगेला वाचविण्यासाठी उचललेला भार शेतकऱ्याच्या जमिनीवर पडला.

ज्या उपायाची अपेक्षा होती, तो अवघड नव्हता. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने पुरस्कारिलेल्या पद्धतीत कमावणीचे पाणी इतर सांडपाण्यात मिसळू न देता वेगळे साठवितात. ते गाळून त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड ढवळतात आणि रात्रभर स्थिर ठेवतात. सकाळी क्रोमियम हायड्रॉक्साइडाचा घट्ट गाळ तळाशी बसलेला असतो. वरचे निवळ पाणी काढून घेऊन तो गाळ सल्फ्यूरिक आम्लात विरघळविला की क्रोमियमचे लवण परत मिळते आणि नव्या लवणाबरोबर ते पुढच्या कातड्यांसाठी वापरता येते. येथे गाळ टाकायचा कोठे हा प्रश्नच उरत नाही, कारण तो गाळ म्हणजेच कच्चा माल होय.

उगमापाशी उपाय

धातू जितका विखुरतो तितका तो गोळा करणे अवघड आणि खर्चाचे होते. कारखान्याच्या टाकीत एका रात्रीत होणारे काम नदीच्या गाळात वर्षानुवर्षे चालते आणि शेतजमिनीत तर पुष्कळदा साधतच नाही. म्हणून कोणत्याही शुद्धीकरण योजनेची परीक्षा करताना केवळ बाहेर पडणारे पाणी किती स्वच्छ आहे, एवढेच पाहून भागणार नाही. काढलेला धातू अखेर कोठे गेला, हेही विचारले पाहिजे.

सर्वांत खात्रीचा उपाय अर्थात धातू वापरातच न आणण्याचा. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे हवेत पसरून मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करीत असे. ते हवेतून गाळून काढण्याचा मार्ग नव्हता. भारतात 2000 साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबविण्यात आली आणि 2021 मध्ये मोटारींसाठी त्याचा वापर जगातून संपुष्टात आला. त्यासाठी कोणतेही शुद्धीकरण यंत्र उभारावे लागले नाही. रस्त्याकडेच्या मातीत पूर्वी पडलेले शिसे मात्र अजूनही तेथेच आहे.