दूरसंदेशवहन केंद्रांची राखीव वीज

घरातील दिवे गेले तरी टेलिफोन चालू राहतो, हा अनुभव मागील पिढीतील वाचकांस चांगला परिचित आहे. याचे कारण साधे होते. यंत्रास लागणारी अल्प वीज घरातून नव्हे, तर टेलिफोन एक्स्चेंजमधील घटमालेतून, म्हणजे बॅटरीतून, तारेवाटे येत असे. मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. आपली हाक प्रथम जवळच्या मनोऱ्याकडे जाते. तो मनोरा डोंगरमाथ्यावर असो वा आडगावी, त्याची वीज त्याच्यापाशीच असावी लागते. पुष्कळदा एक मनोरा दुसऱ्यापर्यंत संदेश पोहोचवितो. अशा वेळी मधला एक बंद पडला की त्यामागील सर्व गावे मुकी होतात.

या केंद्रातील यंत्रे बहुधा ४८ व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर चालतात. शिसे व गंधकाम्ल यांच्या एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. म्हणून असे २४ घट एकापुढे एक जोडतात. हा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली शोधून काढला. बाहेरची वीज असते तोवर एकदिशकारक हे उपकरण यंत्रांना वीज पुरविते व घटमालाही भरलेली ठेवते. वीज जाताच घटमाला तो भार क्षणाचाही खंड न पडता उचलते. पुढे डिझेल जनित्र सुरू होते.

ही शिदोरी किती काळ पुरते? एका केंद्राचा भार १२०० वॅट आहे असे मानू. १२०० ला ४८ ने भागले असता २५ अँपिअर प्रवाह मिळतो. घटमालेची धारणाशक्ती ६०० अँपिअर-तास असेल, तर ती २४ तास पुरेल असे वाटते. परंतु घट पूर्ण रिकामे केल्यास त्यांचे आयुष्य घटते. यास्तव ८० टक्केच वीज वापरावयाची ठरविली, तर ४८० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे १९ तास हाती राहतात. उष्णताही घटांची वैरी आहे. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास त्यांचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते. हल्ली वापरात आलेले लिथियमचे घट वजनाने हलके असून ते अधिक खोलवर वापरता येतात.

आता जनित्राच्या टाकीत १०० लिटर डिझेल आहे व तासाला २ लिटर लागते असे धरू. म्हणजे आणखी ५० तास झाले. जनित्र चालू असताना घटमाला पुन्हा भरते; त्यामुळे ते थांबल्यावर पुन्हा १९ तास मिळतात. एकूण बेरीज ८८ तास, म्हणजे चार दिवसांहूनही कमी.

ही बेरीज कागदावरच राहत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोसळले, रस्त्यांवर झाडे आडवी पडली आणि अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. काही गावांत वीज परत येण्यास आठवडे लागले. अशा संकटात सर्व दोष विजेचाच नसतो; तारा तुटतात व मनोऱ्यांचीही हानी होते. परंतु मनोरा शाबूत असूनही डिझेलची गाडी त्याच्यापर्यंत पोहोचू शकली नाही, तर चौथ्या दिवशी तो मूक होणारच. आणि वैद्याला बोलवावयाचे, बोट वा मदत मागावयाची, ती नेमकी याच दिवसांत.

म्हणून राखीव विजेचे मोजमाप वीज किती वेळ जाते यावरून नव्हे, तर रस्ता किती दिवस बंद राहू शकतो यावरून केले पाहिजे. सौर पॅनेल डिझेलची बचत करतात खरे. पण पावसाळी ढगांत त्यांचे उत्पादन घटते, आणि वादळात ते उडू नयेत म्हणून घट्ट बांधावे लागतात. पुराच्या प्रदेशात घटमाला व जनित्र उंच ओट्यावर ठेवणे अगत्याचे आहे. संकटकाळी काही यंत्रे बंद करून भार निम्मा केल्यास तीच घटमाला दुप्पट काळ पुरते.

विद्यार्थ्यांनी वरील उदाहरणात भार ६०० वॅट धरून, पण डिझेलचा खर्च तोच ठेवून, एकूण तास किती होतात ते काढावे. रस्ता पाच दिवस बंद राहिला तर ती शिदोरी पुरेल काय, याचा त्यांनी शोध घ्यावा.