कॅरॅव्हॅनचा धंदा करायचाय? आधी सांडपाण्याचा हिशोब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दुकानाच्या ओट्यावर १५ लिटरची बादली ठेवून बसलो होतो. शूटिंग चालू असतानाच शेजारच्या काकांनी विचारलं, "काऊन रे, कॅरॅव्हॅन शिकवून रायला का आंघोळ करून रायला?" हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. या धंद्यात नफा-तोटा त्या बादलीतच ठरतो. व्हिडिओत आकडे पटपट बोललो, म्हणून इथे नीट लिहून देतो.

अचलपूर-परतवाडा म्हणजे चिखलदऱ्याचा पायथा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून माझ्या बॅचमध्ये दर वेळी एक-दोन जण तरी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करायचा प्लॅन घेऊन येतात. कल्पना चांगली आहे. पण त्यांची वही उघडली की बेड, एसी, टीव्ही, रंगीत लाइट, ईएमआय सगळं असतं. संडासाचं पाणी कुठे जाणार, हे एकानेही लिहिलेलं नसतं.

माझं दुकान पाईप, नळ आणि टाक्यांचं. त्यामुळे मला तर सगळं समजतं असं मलाही वाटायचं. तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीत टाक्या मी स्वतः बसवल्या. सिंकचं आणि संडासचं पाणी एकाच टाकीत घेतलं, वरून हवा जायला व्हेंट पाईप दिलाच नाही. म्हटलं, जागा वाचली. पहिल्याच ट्रिपला सहा पाहुणे होते. घाटात चढाला टाकीतलं पाणी मागे आपटलं, आतली हवा दाबली गेली आणि वास सरळ सिंकच्या भोकातून केबिनमध्ये. त्यात कोणीतरी पिठल्याची कढई तशीच सिंकमध्ये धुतलेली, सव्वा इंचाचा पाईप तेल-बेसनाने बंद. पाहुणे रात्री अकराला लॉज शोधत फिरले. मित्राने पूर्ण पैसे परत केले, अर्धे मी भरले. बीबीएच्या तीन वर्षांत जेवढं कॉस्टिंग शिकलो नाही, तेवढं त्या एका रात्रीत शिकलो.

तर आता हिशोब. टाक्या तीन असतात, तिन्ही वेगळ्या ठेवायच्या: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची (सिंक आणि आंघोळ, हिला ग्रे म्हणतात) आणि मैल्याची (ब्लॅक). पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी २० लिटरच्या जारमध्ये वेगळं ठेवा, ते टाकीत मिसळूच नका. बाकीचं माणशी, दिवसाला असं धरा: हात-तोंड ३ लिटर, भांडी ३, संडास ३, आंघोळ ६. झाले १५. म्हणजे माझी ती बादली!

चार माणसं, दोन दिवस: १५ गुणिले ८, म्हणजे १२० लिटर. वर ३० लिटर राखीव धरून १५० लिटरची टाकी घ्या. "सर, ३०० चीच बसवून टाकू ना" असं म्हणणारे भेटतात. एक लिटर म्हणजे एक किलो. १५० लिटर जास्तीचं पाणी म्हणजे दोन जाडजूड पाहुणे फुकटात घाट चढवणं, डिझेल तुमचं. शिवाय टाकी अर्धी रिकामी झाली की वळणावर पाणी हिंदकळतं आणि गाडी ओढते. म्हणून टाकीत आडवे पडदे असलेलीच घ्या आणि ती खाली, चाकांच्या आसाजवळ बसवा. गच्चीवरची टाकी गाडीत टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता तेच पाणी बाहेर कसं येतं ते बघा. हात-तोंड, भांडी, आंघोळ मिळून १२ लिटर, गुणिले ८ म्हणजे ९६ लिटर. ग्रे टाकी १२० ची हवी, १०० ची काठोकाठ होते. संडासचं पाणी २४ लिटर, त्यात माणसाचं स्वतःचं दिवसाला साधारण दीड लिटर धरलं तर आणखी १२. एकूण ३६. बाजारात मिळणारा काढता येणारा कॅसेट संडास साधारण २० लिटरचा असतो. म्हणजे चौघांना दुसऱ्या दिवशी सकाळीच तो भरणार. एक तर दोन कॅसेट ठेवा, नाहीतर ५० लिटरची पक्की टाकी बसवा. पॅकेज जाहीर करायच्या आधी हे गणित करा, नाहीतर पाहुणे तुमच्यासाठी करतील.

बचत कुठे होते? सगळ्यात जास्त आंघोळीत. साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर सहज ओततो, म्हणजे तुमचे सहा लिटर एका मिनिटाच्या आत संपले. शॉवर काढून टाका असं मी म्हणत नाही, पुण्या-नागपूरचा पाहुणा नाराज होईल. हातात धरायचा, बटण दाबलं तरच चालणारा शॉवर द्या. ओलं व्हा, बंद करा, साबण लावा, मग धुवा. नळांना जाळीचा एरेटर लावा, ही अगदी किरकोळ खर्चाची वस्तू आहे. संडासात जेट स्प्रे देऊ नका. तो दाबून धरला की दहा सेकंदांत लिटरभर पाणी मैल्याच्या टाकीत जातं. लिटरचा मग ठेवा, आपल्या लोकांना मगाची सवय आहेच. भांडी धुण्याआधी जुन्या पेपरने पुसायची, खरकटं डब्यात. सिंकला बारीक जाळी. माझी आजी राखेने भांडी घासून दोन तांब्यांत धुवायची, तिला कोणी वॉटर मॅनेजमेंट शिकवलं नव्हतं.

पाहुण्याला हे उपदेश म्हणून सांगू नका. निघायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवा: गाडीत इतकं पाणी आहे, इतके दिवस पुरतं, शॉवर असा वापरा, संडासात टिश्यू, पॅड, डायपर टाकू नका. आणि कारण सांगा. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, पाऊस धो-धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावात टँकर विहिरीत रिकामा होतो आणि बाया तिथून पाणी ओढतात. त्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीला वर पाणी मागायची वेळच येऊ नये. टाकी खालीच, परतवाड्यात भरून निघायचं.

मैल्याच्या टाकीचे नियम थोडे आहेत, पण चुकले की क्षमा नाही. वापरायच्या आधी तळाला चार-पाच लिटर पाणी घाला, नाहीतर घाण तळाशी चिकटून वाळते (हे पाणी वरच्या हिशोबात नाही, राखीव ३० मधलं). खालचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं आणि घट्ट भाग आत ढीग होऊन बसतो. रिकामं करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने तोच पाईप धुतला जातो. फिनाईल, ॲसिड, ब्लीच आत ओतू नका. पुढे ते ज्या सेप्टिक टँकमध्ये जाणार, तिथले मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. फॉर्मॅलिनवाल्या निळ्या औषधाचंही तेच. जैविक पावडर वापरा. पाईप तुंबला तर माणसाला हात घालायला लावायचं नाही. टाकीत विषारी वायू असतो आणि २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढायला लावणं गुन्हा आहे.

आणि रिकामं कुठे करायचं? खरा धंदा इथे अडतो. "सर, जंगल एवढं मोठं आहे, एका नाल्यात..." हे वाक्य माझ्या क्लासमध्ये एकाने म्हटलं होतं. त्याला मी फळ्यावर नकाशा काढून दाखवला. सापन आणि चंद्रभागा त्याच डोंगरातून खाली उतरतात, दोघींवर आपल्या बाजूला धरणं आहेत. तू वर सोडलेलं तुझ्याच तालुक्यात येणार. कायदाही स्पष्ट आहे: १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने नदी-नाल्यात, विहिरीत घाण सोडता येत नाही, आणि मेळघाट तर व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वाटेल तिथे गाडी लावून मुक्काम करता येत नाही, सांडपाण्याचा विषय दूरच.

म्हणून गाडी घ्यायच्या आधी तीन ठिकाणी जा. एक, ज्या रिसॉर्ट किंवा लॉजच्या आवारात गाडी लावणार, त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामं करायची लेखी परवानगी आणि दर ठरवा. दोन, नगरपालिकेत सेप्टिक टँक उपसणारी गाडी मैला कुठे नेते ते विचारा. वाई आणि सिन्नरच्या नगरपालिकांनी तर घरांचे सेप्टिक टँक ठराविक वर्षांनी उपसायचं वेळापत्रकच लावलंय, मैल्यावर प्रक्रियाही होते. तीन, आरटीओ. बांधणी आणि नोंदणी मोटर कॅरॅव्हॅन म्हणून नियमात बसते का ते आधी बघा, मग कारागिराला ॲडव्हान्स द्या.

कोणी म्हणेल, स्वतःच्या शेतात शोषखड्डा करतो. ग्रे पाण्यासाठी करा, पण आधी खड्डा खणून त्यात पाणी भरा आणि किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. आपली काळी माती ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते. डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. दोन्हीकडे खड्डा तुंबतो. मैला तर शोषखड्ड्यात कधीच नाही.

शेवटी पैसे. उदाहरण म्हणून धरा: दर ट्रिपला रिकामं करण्याचे ३००, ड्रायव्हरच्या जास्तीच्या वेळेचे २००, पावडर ५०, हातमोजे-साबण ५०. झाले ६००. वर्षाला ६० ट्रिपा म्हणजे ३६,००० रुपये. हा आकडा पॅकेजमध्ये धरला नसेल तर तो तुमच्या नफ्यातून जाणार, आणि मग एखाद्या रात्री ड्रायव्हरला नाला दिसणार. बिलावर 'स्वच्छता शुल्क' असं वेगळं लिहा. मी पाहिलंय, लोक त्यावर घासाघीस करत नाहीत, बेडच्या भाड्यावर करतात.

होमवर्क: येत्या रविवारी घरातला नळ बंद ठेवा आणि एका १५ लिटरच्या बादलीत दिवस काढा, पिण्याचं पाणी सोडून. कुठल्या वेळी किती वापरलं ते वहीत लिहा आणि पुढच्या बॅचला ती वही सोबत आणा. टाकीचं माप त्याच आकड्यांवरून काढू.