खाडीपलीकडचे गोराई

बोरिवलीच्या पश्चिमेला गोराईची खाडी आहे. धक्क्यावरून होडीत बसले की थोड्याच मिनिटांत आपण पलीकडे पोहोचतो. होडीत माणसांबरोबर मोटारसायकलीही असतात. मागे शहराच्या उंच इमारती दिसतात आणि पुढे तिवरांची हिरवी झाडी. तिच्यापलीकडे गोराई गाव आहे. गाव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतच आहे; पण बोरिवलीहून मोटारीने जायचे तर भाईंदर, उत्तन असा मोठा वळसा घ्यावा लागतो. गोराई, मनोरी, उत्तन ही गावे ज्या भागात आहेत, त्याला धारावी बेट म्हणतात. माहीमजवळची धारावी वेगळी!

गोराईत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती आहे. नावावरून हे लोक बाहेरून आले असावेत असे वाटते. तसे नाही. ते इथलेच कोळी आणि शेतकरी. पोर्तुगीजांच्या राज्यात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, धर्म मात्र राहिला. पुढे १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांची बोली मात्र मराठीच आहे.

किनाऱ्यावरची ही मराठी ऐकताना तुम्हांला ओळखीचे शब्द भेटतील. कोळी समुद्राला ‘दर्या’ म्हणतात. उर्दूत दरिया म्हणजे नदी; पण फारसीत त्याचा अर्थ समुद्र असाही आहे आणि कोळ्यांनी तोच धरून ठेवला. होडीचा मालक तो ‘नाखवा’. गझलेत येणारा नाखुदा तो हाच! ‘बंदर’ आणि ‘खलाशी’ हे शब्दही तुमच्या घरचेच आहेत. अरबी समुद्रावरून व्यापाराची गलबते ये-जा करत. त्यांच्याबरोबर हे शब्द किनाऱ्यावर उतरले असावेत.

१ जून ते ३१ जुलै यंत्रावर चालणाऱ्या बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ. तेव्हा बोटी किनाऱ्यावर असतात आणि शेतांत भात लावला जातो.

बाहेरच्या लोकांना गोराई माहीत झाली ती १९८९ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२२ मध्ये बंद पडलेल्या एस्सेलवर्ल्डमुळे, किंवा २००९ मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडामुळे. गावकऱ्यांच्या आठवणीत मात्र आणखी एक गोष्ट आहे. २००६ च्या सुमारास या पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्र करण्याची योजना पुढे आली. जमिनी जातील म्हणून कोळी आणि शेतकरी एकत्र आले व त्यांनी कडाडून विरोध केला. ती योजना बारगळली.

तरीही प्रश्न सुटलेला नाही. रात्री होडी बंद झाल्यावर कोणी आजारी पडले तर तोच लांबचा रस्ता धरावा लागतो. खाडीवर पूल झाला तर बोरिवलीचे दवाखाने जवळ येतील. पण त्याच पुलावरून इमारती बांधणारेही येतील.

उपक्रम : समुद्र आणि जहाज यांच्याशी संबंधित उर्दू शब्द गोळा करा. त्यांतले कोणते मराठीत वापरतात, ते वर्गात सांगा.