डिझेलचा धूर, शासकीय अनुदान आणि आपण डॉक्टर

दीर्घकाळ खोकणारा रुग्ण समोर आला की आपण तंबाखूची चौकशी हमखास करतो. तो ट्रक चालवतो का, गॅरेजमध्ये काम करतो का, हे विचारायचे मात्र पुष्कळदा राहून जाते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांत समाविष्ट केला. फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पुरेशा पुराव्याने सिद्ध झाला आहे.

या धुरातील काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. नाकातील केस व श्वसनमार्गातील श्लेष्मा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली आणि नव्या वाहनांत काजळी अडवणारी गाळणी बसू लागली. परंतु नवा नियम जुन्या इंजिनास सुधारत नाही आणि डिझेल इंजिन तर दीर्घायुषी! अनुदानाची गरज येथेच निर्माण होते. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने जुनी इंजिने बदलण्यासाठी वा त्यांना गाळणी बसवण्यासाठी अनुदाने सुरू केली. आपल्याकडे 'फेम' योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (२०१९-२४) विजेवरील बसगाड्यांना साहाय्य मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी १०,००० विद्युत बसगाड्यांची योजना मंजूर झाली. जुने वाहन भंगारात काढून नवे घेणाऱ्यास वाहनकरात सवलत देण्याची तरतूदही २०२१ मध्ये झाली.

याखेरीज पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या नगरांना हवा-शुद्धीसाठी अनुदान दिले. २०२०-२१ या एकाच वर्षासाठी ४,४०० कोटी रुपयांची तरतूद होती. लाभार्थी नगरांत अहमदाबाद, सुरत व राजकोटसोबत आपले बडोदेही होते.

मग अडचण कोठे आहे? अशा अनुदानांचे यश प्रामुख्याने पीएम १० या मापाने मोजले गेले. रस्त्यावरची धूळ वजनदार, काजळी वजनाने नगण्य. साहजिकच रस्ते झाडले, पाणी शिंपडले की आकडा उतरतो. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीनुसार स्वच्छ हवेच्या निधीपैकी ६४ टक्के खर्च धुळीवर, तर वाहनांवर १३ टक्क्यांहूनही कमी झाला होता. धूळ निरुपद्रवी आहे असे नव्हे. परंतु ताप उतरवला आणि संसर्ग तसाच ठेवला, असा हा प्रकार आहे.

आपण काय करावे? पहिले, प्रत्येक श्वसनरुग्णाच्या केसपेपरवर व्यवसायाची नोंद घ्यावी. वाहनचालक, मेकॅनिक, वाहतूक पोलीस, जनरेटर चालवणारे कामगार यांच्या अशा नोंदी एकत्र केल्या, तर मदत प्रथम कोणाला हवी हे दिसेल. दुसरे, निधीचे मोजमाप पीएम २.५ वर व्हावे, अशी मागणी वैद्यकीय संघटनांनी महानगरपालिकेकडे करावी. तिसरे, आपल्या रुग्णालयाचा डिझेल जनरेटर तपासावा. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना कडक मानके लागू झाली. जुना मात्र कोणाच्या खिडकीखाली धूर सोडतो, हे आपणच पाहायला हवे. दम्याच्या रुग्णाला वर औषध आणि खाली धूर, असे आपल्या हातून होऊ नये.