घराचें चित्र कसें वाचावें?

घर बांधणें हा बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा खर्च होय. तथापि ज्या नकाशावरून तें बांधावयाचें, तो घरांतील सर्वांसच वाचतां येतो असें नाहीं. नुसत्या रेघा व आंकडे पाहून खोली केवढी वाटेल, खिडकींतून काय दिसेल, हें डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं. यास्तव हल्लीं वास्तुविशारद भावी घराचें हुबेहूब चित्र संगणकावर तयार करून मालकास दाखवितात. अशा चित्राचा उपयोग कसा करावा, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

ही युक्ति नवी नव्हे. इंग्लंडांत हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) हा प्रसिद्ध उद्यानरचनाकार होऊन गेला. घराभोंवतींची जागा कशी सुधारावी, हें तो मालकास नुसतें सांगत नसे. तो जलरंगांत चित्र काढून त्यावर कागदाची झडप बसवी. झडप मिटलेली असतां जागेची चालू स्थिति दिसे. ती उचलतांच योजिलेलें रूप प्रकट होई. हीं चित्रें व त्यांचें विवेचन बहुधा तांबड्या चामड्यांत बांधलेलें असे. म्हणून त्यांस 'तांबडीं पुस्तकें' हें नांव पडलें. दोन्ही रूपें एकाच पानावर दिसल्यामुळें मालकास तुलना करून निर्णय घेतां येई.

परंतु या चित्रांची दुसरीहि बाजू आहे. १८१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत रेप्टननें एसेक्समधील स्वतःच्या घरापुढील देखावा असाच दाखविला आहे. पहिल्या रूपांत समोर खाटकाचें दुकान असून कुंपणाशीं एक अपंग भिकारी उभा आहे. झडप उचलली कीं कुंपण पुढें सरकतें, दुकान फुलझाडांआड जातें, आणि भिकारी नाहींसा होतो! देखावा सुंदर झाला खरा. पण तो मनुष्य कोठें गेला, हें चित्र सांगत नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीं असें चित्र आलें, तर आईवडिलांजवळ बसून कांहीं प्रश्न अवश्य विचारा. तें उभ्या मनुष्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलें आहे काय? त्यांतील पलंग व कपाट खऱ्या मापाचीं आहेत काय? ऊन कोणत्या प्रहराचें आहे? शेजारची भिंत गाळली आहे काय? आजीला उतरावयाची पायरी कोठें आहे? शंका राहिल्यास मोकळ्या जागेंत खडूनें खोलीचें माप आंखा आणि त्यांत स्वतः चालून पाहा.

चित्रांत दाखविलेलें सर्वांनाच दिसतें; गाळलेलें शोधावयास मात्र शिकावें लागतें, असें आमचें मत आहे.